बेसवाले अण्णा

तालुक्याच्या प्रत्येक गावी एक साउंडवाले अण्णा असतातच. दुकानाच्या पाटीवर मंडप, लाइट, साउंड, जनरेटर असं सगळं रंगवलेलं असतं, पण अण्णांचा जीव बेसमध्ये. हळदीला गाणं कुठलं लागलंय, गाणारा सुरात आहे की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. चप्पल काढून ते मांडवाच्या पार टोकाला उभे राहतात आणि जमीन किती हलतेय ते बघतात. कानाचं काय, कान कौतुकाने फसतो, असं त्यांचं म्हणणं.

ॲम्प्लिफायरला ते 'मशीन' म्हणतात. अण्णांना विचारल्याशिवाय पंचक्रोशीत कोणी मशीन घेत नाही, आणि विचारलं की पस्तावतात. कारण अण्णा सल्ला देत नाहीत, उलटतपासणी घेतात. आषाढ सरत आला की एखाद्या मंडळाचा अध्यक्ष हजर होतो.

"अण्णा, दहा हजार वॅटचं मशीन मिळतंय. स्वस्तात."

"लावणार कशाला?"

"सोळा अँपिअरच्या सॉकेटला."

अण्णा बिलबुक उलटं करून मागे आकडे मांडतात. "दोनशे तीस गुणिले सोळा, तीन हजार सहाशे ऐंशी. बाकीचे सहा हजार तीनशे वीस वॅट काय ग्रामदैवत देणार, अध्यक्षसाहेब?"

आता, गाणं काही सतत पूर्ण जोराने वाजत नसतं. दोन ठोक्यांच्या मधे मशीन दम खातं, त्यामुळे हा हिशेब इतका सरळ नाही. अण्णांना ते पक्कं ठाऊक असतं. अध्यक्षाला सांगायचं मात्र नसतं.

मग ओम. आठ ओमचे दोन अठरा इंची स्पीकर एका पेटीत समांतर जोडले की चार ओम. तशा दोन पेट्या एकाच चॅनेलवर टाकल्या की दोन ओम. पोरांना वाटतं ओम कमी झाले म्हणजे काहीतरी बचत झाली. प्रत्यक्षात मशीनवरचा भार दुप्पट होतो. त्यात कोणीतरी हुशारी करून मशीन 'ब्रिज'वर टाकतो, म्हणजे दोन चॅनेलना मिळून एकच पेटी ओढायला लावतो. ब्रिजमध्ये चार ओमची पेटी लावली की आतल्या प्रत्येक चॅनेलला ती दोनच ओमची भासते, आणि मिरवणूक ऐन मारुतीच्या देवळासमोर असताना लाल दिवा लावून मशीन गप्प बसतं. "दोन ओमवर तासभर चालेल का, ते आधी दुकानदाराला विचार," अण्णा म्हणतात. "आणि तो हो म्हणाला, तर त्याच्या दुकानातच तासभर चालवून बघ."

समोरच्या मंडळाकडे हजार वॅट आहेत, म्हणून आपण दोन हजार घ्यायचे, हा युक्तिवाद त्यांच्यासमोर करू नये. वॅट दुप्पट केले की आवाज तीन डेसिबल वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतकाच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. "त्यापेक्षा वायर बदल," असं म्हणून ते अध्यक्षाच्या टेम्पोतलं भेंडोळं उचलतात. एक एमएमची तीस मीटर वायर. जाऊन येऊन साठ मीटर, म्हणजे ओमभर अडथळा. चार ओमच्या पेटीपर्यंत पोचेस्तोवर एक तृतीयांशाहून जास्त ताकद कमी झालेली. अडीच एमएमची वायर घेतली की हेच नुकसान जवळपास निम्म्यावर येतं. एवढं ऐकूनही पोरं मशीनच बघायला जातात, हा भाग वेगळा.

जुनं मशीन विकत घेताना मात्र अण्णांना पाहावं. वॅटचा आकडा छापलेल्या बाजूकडे ते बघतही नाहीत. मशीन मागे वळवतात, जाळीला नाक लावून दीर्घ श्वास घेतात. जळक्या वार्निशचा वास आला की विषय तिथेच संपला. नाही आला तर पंख्यापुढची स्पंजची पट्टी नखाने उचकटून गुडघ्यावर झटकतात. गुलाबी धूळ उडाली तर "गणपती." पिवळी उडाली तर "जेजुरीच्या सुपाऱ्या केल्यात, भंडारा आहे हा." मग विकणाऱ्याकडे बघून, "आणि तुम्ही म्हणता फक्त शाळेच्या गॅदरिंगला वापरलं." किमतीची बोलणी इथून सुरू होतात. गुलालाने पंखा चोंदून जितकी मशीनं गेली तितकी विजेने गेली नसतील, असं त्यांचं ठाम मत आहे, आणि मला ते पटतं.

हलक्या मशीनवर त्यांचा फार दिवस राग होता. जुन्या मशीनमध्ये वाटोळा ट्रान्सफॉर्मर, उचलायला दोन माणसं. बिघडलं तर झाकण उघडायचं, ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरांची जळालेली जोडी काढायची, नवी डकवायची. रात्रीत मशीन उभं. नवं क्लास डी एका हातात येतं, वीज कमी खातं, तापतंही कमी, पण गेलं की अख्खा बोर्ड मुंबईला. "ज्याचा डॉक्टर तालुक्यात नाही त्याला घरात घेऊ नये," हे त्यांचं धोरण होतं. ते गेल्या वर्षी बदललं. विचाराने नव्हे, कंबरेने. आता हलकी दोन आहेत, पण त्यातलं एक टेम्पोतच असतं, पहिलं बसलं तर लावायला.

पोराच्या हाती साउंड देताना अण्णा दोनच गोष्टी बजावतात. तीस हर्ट्झच्या खालचं सगळं काप; ते पेटीतून धड वाजत नाही, नुसता कोन नाचतो आणि कॉइल तापते. आणि क्लिपचा लाल दिवा पेटता राहू देऊ नकोस. छोटं मशीन रडवून वाजवलं तरी स्पीकर जळतो. हजार आरएमएसच्या स्पीकरला दीड-दोन हजारांचं मशीन द्यावं आणि ते सबुरीने वाजवावं, ही त्यांची रीत. रात्री दहाला ते स्वतः मेन स्विच पाडतात. सरकारने बारापर्यंत सूट दिलेले वर्षातले मोजके दिवस त्यांना तोंडपाठ आहेत. बाकीच्या दिवशी आमदार आला तरी ऐकत नाहीत.

तुम्हाला मशीन घ्यायचंच असेल तर अण्णांना पितृपक्षात गाठा. गणपती संपलेले असतात, नवरात्र यायचं असतं, अण्णा दुकानात स्पंज धूत बसलेले असतात. शिवाय त्या पंधरवड्यात नवी वस्तू कोणी घेत नाही, त्यामुळे दुकानदार भाव पाडतो. अण्णांची सगळी मशीनं पितृपक्षातली आहेत.