आपले माप जगाच्या पदरात कसे घालावे

प्रत्येक कर्तबगार माणसाला कधी ना कधी वाटतेच, की जगाने आपल्या मापाने चालावे. बहुतेक जण ही हौस घरच्यांवर भागवून घेतात आणि पोळी किती जाड असावी, पाहुण्याने किती वेळ बसावे इथवर येऊन थांबतात. प्रस्तुत मार्गदर्शन त्यांच्यासाठी नाही. ज्यांना आपले माप बाजारात, शेतात, सराफकट्ट्यावर आणि जमल्यास सरकारी दप्तरात चालवायचे आहे, त्यांनीच पुढे वाचावे.

लागणारे साहित्य: हात एक, कुठलेही बी मूठभर, काठी किंवा दोरी, आणि आपण मोजत असताना समोरच्याने गप्प बसावे एवढा अधिकार. यातली शेवटची वस्तू जवळ असली, तर पहिल्या तिन्हींवाचून काही अडत नाही.

सुरुवात अंगापासून करावी. अंग फुकट असते आणि घरी विसरत नाही. इंग्लंडचा पहिला हेन्री राजा याने नाकापासून पसरलेल्या हाताच्या अंगठ्यापर्यंतचे अंतर म्हणजे एक यार्ड, असे ठरवून टाकल्याची कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातली कार्यपद्धती निर्दोष आहे. राजाला कोणी विचारले नाही, की महाराज, मान सरळ ठेवायची की वळवायची? तोच यार्ड पुढे आपल्याकडे वार होऊन आला. आज लग्नात नऊवारी नेसून मिरवणाऱ्या काकूंच्या अंगावर एका परक्या राजाचे नाक ते अंगठा हे अंतर नऊ वेळा गुंडाळलेले असते, आणि काकूंना त्याचे काही वाटत नाही. माप मुरणे म्हणतात ते हेच.

राजा नसलेल्यांनी कौटिल्याचा कित्ता गिरवावा. अर्थशास्त्रात अंगुळ म्हणजे मध्यम माणसाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी, असे सांगितले आहे. एका व्याख्येत तीनदा ‘मध्यम’ आल्यावर वाद घालायची कोणाची छाती होणार? अशी २४ अंगुळे म्हणजे एक हात. नवशिका उमेदवार इथेच समाधानाने पोथी मिटतो आणि फसतो. कारण पुढे तोच हात कुरणे मोजताना २८ अंगुळांचा होतो, छावणीच्या आणि किल्ल्याच्या सुतारकामाला ४२ चा, जंगलातल्या लाकडाला ५४ चा. दंड एरवी ९६ अंगुळांचा. ब्राह्मणांना जमीन दान द्यायची असली, की १९२ चा. ग्रंथ कोणी लिहिला हे वेगळे सांगायला नकोच. उमेदवाराने यातून एवढेच घ्यावे, की मापाचे नाव कायम ठेवावे. लांबीचे प्रसंग पाहून ठरवता येते.

फारच लोकशाही वृत्तीच्या उमेदवारांसाठी जर्मनीतली एक रीत आहे. याकोब क्योबेल याने सोळाव्या शतकातल्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात ती दिली आहे. रविवारी चर्च सुटले, की बाहेर पडणाऱ्यांतले १६ जण थांबवायचे. उंच, बुटके, येतील तसे घ्यायचे. सगळ्यांनी डावी पावले एकापुढे एक टाच-बोट लावून ठेवली, की झाली एक काठी. तिचा सोळावा हिस्सा म्हणजे एक फूट. सरासरी काढण्याची ही युक्ती खरोखर हुशारीची आहे, हे गंभीरपणेच मान्य करावे लागेल. आपल्याकडे मात्र ग्रामसभा सुटताना उभे राहू नये, गणपूर्तीचाच प्रश्न येतो. महाप्रसादाची पंगत उठताना १६ जण सहज मिळतील. फक्त पाऊल ओले नाही ना, ते पाहावे.

अंगाचा कंटाळा आला असेल तर बियांकडे वळावे. इथे जव हे धान्य अभ्यासण्यासारखे आहे. आपल्या जुन्या गणितात, भास्कराचार्यांच्या लीलावतीतही, ८ जव पोटाला पोट लावून ठेवले की एक अंगुळ होते. इंग्रजांनी तेच जव टोकाला टोक लावून उभे मांडले आणि तीन दाण्यांत इंच उरकला. दोन संस्कृतींतला फरक यावर कोणी प्रबंध लिहायचा तर लिहो. इंग्रजी पद्धतीच्या बुटाचा एक नंबर वाढतो तो आजही एका जवाने, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याने. सात नंबर बोचतो, आठ दाखवा, असे दुकानात सांगणारा गृहस्थ आणखी एक दाणा मागत असतो.

वजनाला गुंज घ्यावी. लाल, तोंडाला काळा ठिपका, दिसायला गोजिरवाणी आणि पोटात गेली तर विषारी. बाजारभावाच्या मुळाशी बसवायला याहून योग्य बी सापडणार नाही. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सगळ्या गुंजा एकाच वजनाच्या असतात अशी तिची ख्याती आहे. ओंजळभर गुंजा ताटात पसरून नुसत्या पाहिल्या, तरी त्यांत टपोऱ्या किती आणि सुकट किती ते दिसते. मोडीचे सोने घेताना कोणत्या वापरायच्या आणि नवा दागिना देताना कोणत्या, हे उमेदवाराला शिकवावे लागत असेल तर त्याने हा नादच सोडावा.

जमिनीच्या मापासाठी दोरी वापरणाऱ्यांनी हवामानाचा अंदाज ठेवावा. अकबराच्या राज्यात जमीन तागाच्या दोरीने मोजत. पहाटे दवात दोरी आखडे, दुपारी वाळून लांब होई. सकाळी मोजणी झाली तर बिघे जास्त भरून शेतकऱ्याचा सारा वाढायचा. उन्हात झाली तर खजिना बुडायचा. कोणी मुद्दाम भिजवूनही ठेवत. ऐन-इ-अकबरीत ही सगळी कैफियत नोंदलेली आहे, आणि शेवटी बांबूच्या तुकड्यांना लोखंडी कड्या घालून नवे साधन केले, हेही. ही सुधारणा प्रजेच्या हिताची होती. उमेदवाराच्या हिताची नव्हती.

शिवशाहीत काठी आली, पाच हात आणि पाच मुठींची. अशा २० काठ्या लांब आणि २० काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर. यात हात किती तसूंचा तेही सांगून ठेवलेले होते, चौदा. माप पक्के करणारा राज्यकर्ता भेटला, की खालच्या कारकुनाच्या हातात फारसे काही उरत नाही. अशा काळात उमेदवाराने धीर धरावा.

आता मुख्य प्रात्यक्षिक: धान्य. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली, मण, खंडी ही उतरंड आजीला विचारून पाठ करावी. एका गावचा मण पुढच्या गावी भरत नाही, हे ध्यानात ठेवून नंतर विसरावे. मग खळ्यावर बसावे. पायली जोंधळ्याच्या राशीत तिरपी खुपसून भरायची, सरळ करायची आणि दोन्ही तळव्यांनी वर दाणे चढवायचे. काठाच्या वर जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. शीग घसरायला लागली, की माप भरले. पहिली पायली ओतताना ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे. मग दोन, तीन. लाभ कोणाचा, हे मोजणारा बोलत नाही.

सगळी कला त्या पायलीत आहे. दाणे उंचावरून सोडले आणि मापाला हलकेच दोन हिसके दिले, की ते दाटून बसतात आणि तेवढ्याच पायलीत जास्त मावतात. ही घेण्याची पायली. कडेने अलगद सरकवले, की आत पोकळी राहते. ही देण्याची पायली. शीग बोटांनी आवरून घ्यायची की बोटे सैल सोडायची, हा वेगळा विषय आहे. भांडे दोन्ही वेळा तेच असते, त्यामुळे तक्रार करणाऱ्याला भांडे दाखवता येते. सावकाराच्या घरी कर्जाऊ जोंधळे आणायला गेलेला माणूस आणि सुगीनंतर ते फेडायला गेलेला माणूस एकच असला, तरी त्याला भेटणाऱ्या पायल्या दोन असत.

अंग, बी, दोरी, भांडे यांपैकी काहीच हाताशी नसेल तर जनावर चालते. जेम्स वॉटला आपली वाफेची इंजिने विकायची होती आणि गिऱ्हाईक घोडे बाळगून होते. एक घोडा मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम करतो, असे त्याने ठरवले. दिवसभर तसे करणारा घोडा सहसा सापडत नाही. पण घोड्याला उदार मनाने गुण दिल्यावर इंजिन कमी पडले अशी ओरड कोण करणार? तो घोडा आज आपल्या विहिरीवर बांधलेला आहे. तीन एचपी, पाच एचपी, साडेसात एचपी. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये शेतीपंपांना मोफत वीज दिली ती साडेसात एचपीपर्यंत. म्हणजे सात घोडे आणि एक अर्धा घोडा सरकार फुकट पाजते. उरलेला अर्धा जोडून आठवा पुरा केला, की सगळ्या तबेल्याचे बिल येते.

प्रामाणिकपणाचा मार्गही अभ्यासक्रमात आहे, पण तो सुचवत नाही. फ्रेंचांनी राजाचे अंग नको, पृथ्वीचे घेऊ, असे ठरवले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यांश म्हणजे मीटर. १७९२ मध्ये दलांब्र आणि मेशँ हे दोघे डंकर्क ते बार्सिलोना मोजायला निघाले. मधे क्रांती, युद्ध, अटका, संशय. बार्सिलोनाच्या निरीक्षणांत मेशँला एक विसंगती सापडली. ती त्याने कोणाला सांगितली नाही आणि मरेपर्यंत कुढत राहिला. त्याच्या पश्चात दलांब्रने वह्या उघडल्या तेव्हा प्रकार कळला. एवढे करून मीटर ठरल्यापेक्षा सुमारे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा आखूडच निघाला. नाकापासून अंगठ्यापर्यंत मोजणाऱ्याला असली रात्र कधी काढावी लागली नाही.

या उलट ऑलिव्हर स्मूट यांचे पाहावे. ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी या पाच फूट सात इंचांच्या पोराला बोस्टनच्या हार्वर्ड पुलावर आडवे करून, उठवून, पुन्हा आडवे करून पूल मोजला. लांबी भरली ३६४.४ स्मूट आणि एक कान. खुणा अजून रंगवल्या जातात. हे स्मूट पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे प्रमुख झाले आणि मग आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे अध्यक्ष. करियर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत हे उदाहरण का देत नाहीत, कळत नाही.

त्याच ऑक्टोबरात आपल्याकडे १९५६ च्या कायद्याप्रमाणे मेट्रिक वजने बाजारात येऊ लागली, आणि शेर, मण, मापटी यांच्या अडगळीत जाण्याला सुरुवात झाली. आपले माप अशा संकटातून जगवायचे कसे, हा या मार्गदर्शनातला अवघड भाग आहे. उत्तर असे, की नाव टिकवावे आणि देहाचा मोह सोडावा. तोळ्याकडे पाहा. कंपनी सरकारच्या रुपयाइतका, ११.६६ ग्रॅमचा तो गडी. कायदा आल्यावर मुकाट १० ग्रॅमचा झाला. जवळजवळ चौदा गुंजा गमावल्या, पण मुलीच्या लग्नाची बोलणी अजून त्याच्याशिवाय पुढे सरकत नाहीत. गुंठ्याचे नशीब आणखी जोरावर. एडमंड गंटर याने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी काढली. तिच्या निम्म्याने, ३३ फुटांनी ३३ फूट, गुंठा होतो. ४० गुंठ्यांचा एकर, आणि एकर म्हणजे मुळात बैलांच्या जोतावर एका दिवसात नांगरून होणारे रान. सातबाऱ्यावर सरकारने हेक्टर आणि आर आणले. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१ आणि थोडा. सव्वा चौरस मीटरही फरक नाही म्हटल्यावर लोकांनी आर लिहिला आणि गुंठा वाचला. २००१ मध्ये तर सरकारनेच गुंठेवारीचा कायदा केला.

शेवटी कार्यालयाची निवड. उमेदवाराने आपले माप घेऊन वैधमापन शास्त्राच्या कार्यालयात चुकूनही जाऊ नये. तिथे किलो, मीटर, लिटर यांच्यापलीकडे काही ऐकून घेत नाहीत, आणि वर काटा जप्त होतो. महसूल खात्यात जावे. तिथे माया आहे. आणे चलनातून गेले १९५७ मध्ये, पण पिकाची आणेवारी पुढे कितीतरी वर्षे लागत राहिली. आता ती पैसेवारी झाली आहे, आणि खिशातून पैसे नाहीसे झाले तरी पीक ५० पैशांच्या आत की वर, हे तिथे अजून ठरते. रेतीचे विचाराल तर १०० घनफुटांचा एक ब्रास. २०२३ च्या वाळू धोरणात सरकारने स्वतः भाव काढला तो ब्रासला ६०० रुपये. अर्ज त्या खिडकीवर द्यावा, दोन प्रतींत.