शून्य पूर्णांक छप्पन्न

आमच्या अनुदानित महाविद्यालयातले हेडक्लार्क अण्णा माणसं मोजतात, पण डोकी मोजत नाहीत. ‘प्राध्यापक किती?’ असं विचारलं की आधी चष्मा चढवतात आणि उलट विचारतात, ‘प्रत्यक्ष, की कार्यभारानुसार?’

यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितलंय. अण्णांच्या लेखी १६ तास म्हणजे एक माणूस. मराठी विभागाचा कार्यभार ४१ तास. भागिले १६. कॅल्क्युलेटरवर २.५६ उमटलं की अण्णा समाधानानं मान हलवतात. ‘दोन पूर्णवेळ. वर नऊ तास उरले, त्यांना सीएचबी.’ सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावरच्या बाई. नेट झालेल्या, पीएचडी झालेल्या. अण्णांच्या वहीत ०.५६.

बाई आणखी सात तास पलीकडच्या तालुक्यातल्या कॉलेजात घेतात. तिथे त्या ०.४४.

‘मग अण्णा, बेरीज एक झाली की!’

‘झाली ना. पण आस्थापना दोन. बेरीज करायची कुणी?’

थोडक्यात, बाई अख्ख्या असतात त्या फक्त मधल्या एसटीत, आणि तो वेळ कार्यभारात धरत नाहीत.

माणूस वाईट नाही हो. बाईंच्या मानधनाचं बिल वर अडकलं की स्वतःच्या खर्चानं खेटे घालणारे अण्णाच. फक्त परत येऊन ‘०.५६चं काम झालं’ असं सांगतात.

परवा अर्थशास्त्राच्या सरांनी त्यांना उगाच डिवचलं. म्हणाले, केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात, त्या पीएलएफएसमध्ये, साप्ताहिक स्थिती काढताना आठवड्यात कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलेला माणूससुद्धा रोजगारात धरतात. अण्णांचा चहा बशीतच राहिला.

‘तासाला अख्खा माणूस?’

‘अख्खा.’

‘म्हणजे आमच्या हिशेबानं ०.०६! ऑडिट कोण करतं ह्यांचं?’

तो तास वेगळ्या कामाचा, ती मोजणी वेगळ्या हेतूची, हे सरांनी समजावून पाहिलं. अण्णा तोवर मागच्या वर्षीचा हजेरीपट काढून बसले होते.

तेवढ्यात बाई आल्या. स्टाफरूममध्ये बसायला खुर्ची मिळेल का, असं जरा बिचकतच विचारलं. अण्णांनी रजिस्टर उघडलं, पान उलटलं, बोट खाली-खाली नेलं.

‘मिळेल. पूर्ण मिळेल. खुर्ची डेडस्टॉकला असते, बाई. तिथं अपूर्णांक चालत नाही.’