स्टेशनवाले तात्या

कडवंची, नंदापूर, धारकल्याण. जालना तालुक्यातल्या या द्राक्षपट्ट्यात हा माणूस हमखास भेटतो. मूळ नाव काहीही असो, गाव त्याला ‘स्टेशनवाले तात्या’ म्हणतं. पन्नाशीच्या आसपासचं वय, थोडी द्राक्षं, थोडी मोसंबी, एक शेततळं आणि बागेच्या मधोमध खांबावर गरगरणाऱ्या वाऱ्याच्या तीन वाट्या. शेजारी पाऊस मोजायचा डबा, जमिनीत ओल मोजणारे सेन्सर आणि वेलीत अडकवलेलं एक खोटं पान. खऱ्या पानांवर दव किती वेळ टिकलं, ते हे पान मोबाइलवर कळवतं. हे सगळं मिळून तात्यांचं ‘स्टेशन’, म्हणजे घरचं हवामान केंद्र.

तात्यांना “काय म्हणता?” असं विचारायची सोय उरलेली नाही. “आर्द्रता 88, वारा पडलेला, डाउनी रोगाला वातावरण पोषक,” असं उत्तर येतं आणि विचारणाऱ्याची एसटी चुकते. भुरभुर सुरू झाली की लोक आडोसा शोधतात, तात्या हिशेब मांडतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे एकराला चार हजार लिटर! अर्धा मिलिमीटर पडला की “दोन हजार लिटर फुकट आलं” म्हणून ते मोटर बंद करायला निघतात. एवढ्याशा पावसानं मुळाशी काही पोचत नाही हे त्यांचाच सेन्सर सांगत असतो. पण तेवढ्यापुरतं ते सेन्सरचं ऐकत नाहीत.

हसावं, पण बेतानं. याच जिल्ह्यात 2012-13च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, टँकरनं झाडं जगवताना घरातलं सोनं गेलं. कडवंची त्यातही तरली, कारण खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि शेतीतज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या पाठपुराव्यानं तिथं आधीच पाणलोटाची कामं झाली होती आणि पुढं शेततळी खोदली गेली. शेततळ्यातलं पाणी मे महिन्यात एफडीसारखं असतं, मोडायला हात धजत नाही. अशा वेळी “आज पाणी देऊ नका” असं सांगणारं यंत्र मिळालं, तर माणूस त्याच्या प्रेमात पडणारच.

अमेरिकेत हीच यंत्रं घरामागच्या हिरवळीसाठी लावतात. भर पावसात फवारे उडू नयेत म्हणून फ्लोरिडा राज्यानं 1991 सालीच स्वयंचलित फवाऱ्यांना पावसाचा सेन्सर सक्तीचा केला. जालन्यात लॉन म्हणजे लग्नाचं. तिथं गवत थोडं आणि कार्पेट फार, त्यामुळं सेन्सरच्या वाट्याला शेतीच आली.

तात्यांचा खरा सामना मात्र सालगड्याशी आहे. वरची माती भुरभुरीत दिसली की त्या बिचाऱ्याचा जीव खालीवर होतो. “मालक, झाडं सुकू राह्यली.” तात्या मोबाइल पुढं धरतात, “एका फुटावर ओल आहे, बघ.” एका फुटावरचं त्याला दिसत नाही, सुकलेलं दिसतं. उलट कधी मोबाइलवर लाल खूण आली की तात्या त्याला भर उन्हात पिटाळतात. त्यावर गड्यानं स्वतःपुरता उपाय काढला. जिथं सेन्सर पुरलाय, नेमकी तिथंच एक बादली ओतायची. मोबाइल हिरवा, मालक गार, गडी लिंबाखाली. आलेखात दुपारी दोनला उभी भिंत चढलेली पाहून तात्यांनी आधी कंपनीला फोन लावला, मग बांधावर जाऊन ओली बादली पाहिली.

लाइटपुढं तर सेन्सरही हात टेकतो. पाणी द्यायची वेळ यंत्र सांगतं सकाळी सहाची, थ्री-फेज येते रात्री साडेबाराला. मोबाइल स्टार्टर आहे, व्हॉल्व्हही आपोआप उघडतात, नाही ती फक्त वीज.

आणि पावसाळा आला की सगळ्यात मोठा अपमान. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे सरकारदरबारी अतिवृष्टी. तो मोजायचा महसूल मंडळाच्या केंद्रावर. राज्य सरकारनं स्कायमेटच्या साथीनं ‘महावेध’ प्रकल्पात मंडळागणिक उभं केलंय ते. फळपीक विम्याचा दावाही तिथल्याच आकड्यांवर. तात्यांच्या डब्यात 71, मंडळात 43! तात्या मोबाइल घेऊन तलाठ्याकडं गेले. “तात्या, तुमचं स्टेशन तुमच्या घरचं,” तलाठी म्हणाला आणि पुढच्या अर्जाकडं वळला. ढग मंडळाची हद्द पाहून बरसत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं; पण नोंद करायला रकाना नव्हता.

अलीकडं तात्यांना नवी उमेद आलीय. केंद्राच्या ‘विंड्स’ उपक्रमात ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायचं ठरलंय, हे कळताच त्यांनी ग्रामसभेत आपल्या रानाचा कोपरा देऊ केला. जो तो आपापलं रान सुचवू लागला, कारण भरपाई जिथं पाऊस मोजला जाईल तिथल्या ढगावर ठरणार. तासभर कालवा झाला. शेवटी मागच्या रांगेतले एक आबा उठले.

“तात्याच्याच रानात बसवा,” ते म्हणाले, “पण देखरेखीला त्याचा सालगडी ठेवा.”

ठराव एकमतानं झाला. विरोधात होते ते एकटे तात्या.