खाचेतली थकबाकी

पुण्यात निवृत्तिवेतन घेऊ लागलेल्या गृहस्थांना जे छंद जडतात, त्यांत पहाटेचे फिरणे, संपादकांस पत्रे लिहिणे आणि सोसायटीच्या हिशेबातील चुका काढणे हे तीन निरुपद्रवी व सर्वमान्य समजले जातात. परंतु अलीकडे या नामावळीत रेकॉर्डच्या सुया बदलण्याच्या छंदाची जी भर पडली आहे, तिची दखल कोणा समाजशास्त्रज्ञाने घेतल्याचे ऐकिवात नाही. या छंदाच्या उपासकास आपण सोयीसाठी नानासाहेब म्हणू. नानासाहेब कोथरुडात असतात, ठाण्याच्या नौपाड्यात असतात, दादरच्या हिंदू कॉलनीतही असतात. पण ज्यांच्या दिवाणखान्यात माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या, ते नानासाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आहेत, आणि ही एक गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या वेडाचे मर्म उमगणार नाही.

आपण रेकॉर्ड लावतो ती गाणे ऐकण्यासाठी. नानांच्या लेखी रेकॉर्ड हा जमिनीचा तुकडा असून त्यात कलावंताने जे काही पेरले आहे त्याची दाणा न् दाणा वसुली होणे ही सरकारी जबाबदारी आहे, आणि ती सरकारने त्यांच्याकडेच सोपविलेली आहे. "एल.पी.च्या एका बाजूवर खाचा किती असतात, सांगा पाहू," असे ते प्रत्येक नवख्या पाहुण्यास चहापूर्वी विचारतात. पाहुणा बिचारा "असतील चार-पाचशे" म्हणाला, की नानांच्या मुद्रेवर अर्जाला तिकीट न लावणाऱ्या खातेदारासाठी राखून ठेवलेले स्मित उमटते. "एकच! बाहेरून आत जाणारी एकच अखंड खाच. बावीस मिनिटांच्या बाजूला लांबी भरते सुमारे पावणेपाचशे मीटर. मी स्वतः मोजणी केली आहे." मोजणी बरोबर आहे. मिनिटाला ३३⅓ फेरे आणि बाहेरचा व आतला परीघ घेऊन कोणासही ती घरी करता येईल. मात्र करण्याची बुद्धी अव्वल कारकुनासच व्हावी!

पुढे ते जे सांगतात तेही, दुर्दैवाने, खरे आहे. फेऱ्यांची गती कायम असली तरी परीघ आतआत आटत जातो. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर सरकते, तर लेबलाजवळ येईतो हा वेग जेमतेम वीस-एकविसावर येतो, म्हणजे जेवढा स्वर तेथे ऐसपैस मांडलेला असतो तेवढाच येथे निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. आता आपल्या गायनाचा क्रम असा, की विलंबित ख्याल बाहेरच्या प्रशस्त शिवारात सावकाश चालतो आणि द्रुत चीज व तिच्या ताना, म्हणजे जेथे दाणा सर्वांत बारीक तेच पीक, नेमके आतल्या चिंचोळ्या पट्टीत येते. गोल टोकाची सुई तेथल्या वळणांत पुरती उतरत नाही, वरच्यावर निसटत जाते, आणि तान धुरकटते. "किशोरीताईंचा भूप विलंबितात बिनतक्रार वसूल होतो," नाना खिन्नपणे म्हणतात, "थकबाकी राहते ती द्रुतात."

ही थकबाकी वसूल करण्याची मोहीम वडिलार्जित एच.एम.व्ही. फियेस्टापासून सुरू झाली. तो सोशिक पेटीवजा प्लेअर माळ्यावर रवाना होऊन त्याच्या जागी नवे टर्नटेबल रुजू झाले, त्यावर ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीच्या व्ही.एम.९५ मालिकेतील कार्ट्रिज बसले, आणि तेथेच घात झाला. या मालिकेत कार्ट्रिजचे अंग एकच असून त्यावर चढविण्याच्या सुया सहा प्रकारच्या मिळतात. जुनी सुई बोटांनी ओढून काढावयाची, नवी चढवावयाची, स्क्रू नाही की डाग देणे नाही. ज्या कोणी ही सोय काढली त्याने मनुष्यस्वभावाचा सखोल अभ्यास केलेला असला पाहिजे; कारण सबंध यंत्र बदलण्यास मनुष्य दहा वेळा कचरतो, पण एक पायरी चढण्यास काय जाते?

पहिली पायरी गोल टोकाची, दुसरी लंबवर्तुळाकार, आणि तिसरी त्याच आकाराची, पण 'न्यूड'. दुसरीत धातूच्या काडीच्या टोकाला हिऱ्याची कणी डकविलेली असते. तिसरीत काडीला फाटा देऊन अखंड हिराच दांडीवर बसवितात, त्यामुळे टोक हलके होते व चपळाईने वळते. हा तपशील नानांना मुखोद्गत होता, परंतु पार्सल घेतले नानींनी, आणि पावतीवर छापलेला शब्द मोठ्याने वाचून त्यांनी "या वयात?" एवढीच पृच्छा केली. तेव्हापासून या घरात सुईखरेदीची दरखास्त तोंडी न करता लेखी करावी व तीत मालाचे नाव मराठीत असावे, असा दंडक पडला आहे. चौथी, मायक्रोलिनियर सुई 'सूक्ष्मरेषीय' या सोज्ज्वळ नावाने मंजूर झाली. तिची महती अशी, की ती खाचेच्या भिंतीला ठिपक्याने न भिडता उभ्या रेषेने भिडते, आणि त्यामुळे जेथे जुन्या सुईचा कधी स्पर्शच झाला नाही अशा पट्ट्यापर्यंतही पोचते. "फियेस्टाने वरचा पट्टा नांगरून नांगरून झिजवला," नाना म्हणाले, "पण खालची जमीन पडीक होती. ती आता लागवडीखाली आली!" ज्या रेकॉर्डी त्यांच्या वडिलांनी झिजवून टाकल्या असे आम्ही समजत होतो, त्यांतल्या काही खरोखरच अधिक स्वच्छ वाजू लागल्या, हे नमूद केलेच पाहिजे.

सहा सुयांपैकी एक आमच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांसाठी असते, आणि तेथे मात्र मी नानांच्या बाजूचा आहे. त्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच एवढी रुंद, की तिच्या सुईचे टोक ७५ मायक्रॉनच्या घरात लागते, एल.पी.च्या सुईचे गोल टोक १८ मायक्रॉनच्या आसपासचे. अशी बारीक सुई त्या खाचेत सोडली तर ती भिंतींना न धरता तळाशी साचलेल्या धुळीत खरडत राहते, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचा झिंझोटीतला करुण पुकार सोडून शंभर वर्षांची धूळ तेवढी ऐकविते. जाड सुई चढविली आणि खाँसाहेब धुळीतून वर आले, त्या संध्याकाळी नानांनी वसुलीची भाषा केली नाही, हे मला त्यांच्याविषयी सांगितलेच पाहिजे. पण हा विराम फार टिकला नाही. जुन्या बाजारातून आणलेली गौहरजानची एक तबकडी त्यांनी पाठोपाठ लावली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यास ध्वनिमुद्रण आरंभिले तेव्हा तबकड्या छापून येत त्या जर्मनीतील हॅनोव्हरहून, आणि तेथील कामगारांना कोणती कोणाची हे कळावे म्हणून गाणे संपताच गाणारणीने इंग्रजीत आपले नाव उच्चारावे असा रिवाज होता. ठुमरी चालू असताना नाना स्तब्ध होते. शेवटी बाईंनी खणखणीत आवाजात नाव सांगताच ते उठून उभे राहिले. "ऐकलेत? खाली सही आहे! दस्त पुरा!"

नवी सुई चढविण्याचा विधी पाहण्यास मिळणे हा मान आहे. त्या दिवशी पंखा बंद असतो. सराफाकडून आणलेले भिंग डोळ्यास लावून नाना सुईच्या टोकाकडे पाहतात, कागदावर छापलेल्या जाळीवर कार्ट्रिज सरळ बसले की नाही हे ताडतात, आणि मग नखाएवढ्या काट्यावर टोनआर्मचे टोक टेकवून मागचे वजन केसाकेसाने फिरवितात. भार दोन ग्रॅम भरला पाहिजे, कमी भरला तर सुई उड्या मारून खाच बिघडविते. या वेळी नानींनी आतून "अहो, चहा ठेवू का?" असे विचारले तरी काटा हलतो, अशी नानांची तक्रार आहे. यानंतर रेकॉर्ड लागते, आणि येथे श्रोत्याचे हाल सुरू होतात. कारण समेवर यावे तो नाना आर्म उचलून "आता हेच जुन्या सुईने ऐका" म्हणतात, आणि जुनी चढवून तोच आवर्तनाचा तुकडा पुन्हा लावितात. तुलनेच्या या पद्धतीत मी यमनातील एकच मुखडा इतक्या वेळा ऐकला आहे, की अंतऱ्याचे शब्द मला आजतागायत ठाऊक नाहीत.

शिडीची वरची पायरी शिबाटाची. १९७० च्या दशकात जपानात चार वाहिन्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, त्यांत सेकंदाला ४५ हजारांपर्यंत कंपने कोरलेली असत, आणि ती टिपण्यासाठी शिबाटा नावाच्या अभियंत्याने टोकाला ही खास घडण दिली. तरुण माणसाचा कान वीस हजारांवर थांबतो, आणि उतारवयात ती हद्द बरीच अलीकडे येते. नानांना कानाच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी यंत्र सुचविले होते. "आधी सुईचा काय तो निकाल लागू द्या," असे सांगून त्यांनी ते प्रकरण तहकूब ठेविले.

हे सारे मी जरा चेष्टेने लिहिले असले तरी नानांच्या पदरी एक पुण्य आहे, आणि ते आमच्या सर्वांच्या उपयोगी पडते. खालसा झालेली सुई ते विकीत नाहीत, इनाम देतात. "तीनशे तासांपैकी दोनशे दहा शिल्लक आहेत, दप्तरी नोंद आहे," अशा सनदेसह. बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर, कर्वे रस्त्यावरचे एक दंतवैद्य आणि मी, अशा तिघांनी त्याच मालिकेतील सर्वांत स्वस्त गोल सुईचे कार्ट्रिज याच आशेने घेऊन ठेविले आहे. नाना एक पायरी चढले की आम्ही तिघे क्रमाक्रमाने वर सरकतो. म्हणून नानांचे असमाधान हे आमचे समाधान, आणि ते तृप्त झाले की आमचा दुष्काळ.

सूक्ष्मरेषीय सुई लागल्यापासून नाना अनेक महिने तृप्त आहेत. शेवटी परवाच्या रविवारी द्रुत लेबलाजवळ पोचली असता दंतवैद्यांनी मान किंचित कलती केली आणि, दुखरी दाढ हलकेच ठोकून पाहण्याच्या स्वरात, म्हणाले, "नाना, 'स' जरा चरचरतोय का हो?" नानांनी आर्म उचलला. आतून नानी म्हणाल्या, "डॉक्टर, हवी ती सुई सरळ मागून न्या ना, ह्यांना कशाला कामाला लावता?" पण नाना ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते, वही काढून ते शिबाटाचे मराठी नामांतर शोधीत होते. जिना उतरताना आमच्यात वाद जुंपला. दंतवैद्यांचे म्हणणे, हरकत प्रथम त्यांनी नोंदविली, सबब सूक्ष्मरेषीय सुईवर पहिला हक्क त्यांचा. मॅनेजरांनी सेवाज्येष्ठतेचा मुद्दा काढला. मी तोंडी काहीच बोललो नाही. माझा दावा मी मुदतीत, येणेप्रमाणे, लेखी दाखल केला आहे.