लग्नपत्रिकेची कोरी बाजू

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत शिरा, आधी भिंती बोलतात. त्यांना म्हणतातच ‘बोलक्या भिंती’. पायऱ्यांवर पाढे, दारामागे कोन, खिडकीच्या गजांत मणी, छताला दोऱ्यांनी लोंबणारी तरंगचित्रं. फरशीसुद्धा गप्प बसत नाही. चपला बाहेर काढून आपण आत जातो आणि नेमका ‘ज्ञ’वर पाय पडतो. पाटीला पाय लागला तरी नमस्कार करणारी आमची पिढी. तिनं या फरशीवरून चालायचं कसं? मुलं मात्र त्यावर खुशाल लंगडी घालतात.

हे फरशीचं वारं साताऱ्याकडून आलं. २०१५ च्या जूनमध्ये शासनानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम काढला. त्या सुमारास ज्ञानरचनावाद म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायला राज्यभरचे शिक्षक सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांकडे लोटत होते. विदर्भातूनही रात्रभर प्रवास करून गेले. तिथे मुलं गटागटानं बसून खडे, काड्या, कार्डं हाताळत आपली आपण शिकत होती. ते बघून लोक परत आले आणि त्यांनी पेंटर बोलावला. मुलांच्या हातात काय होतं ते आठवायला जरा वेळ लागतो. फरशीवर काय होतं त्याचा फोटो मोबाइलमध्ये असतो.

माझ्या वहिनी घाटंजीकडच्या एका दोन-शिक्षकी शाळेवर आहेत. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर परंपरेनं आलेला ‘अ अननसाचा’ आहे. यवतमाळ कापसाचा जिल्हा. इथे अननस भेटलाच तर केकवर. वहिनींनी पहिलीतल्या एका पोराला चित्रावर बोट ठेवून विचारलं, हे काय रे? त्यानं नीट निरखून सांगितलं, “कणीस.” आता ‘अ कणसाचा’ चालणार नाही, आणि पोरगं चुकलं असंही म्हणवत नाही, दाणेदार अंग आणि वर तुरा, एवढ्यावरून दुसरं कोण काय सांगणार? शेजारी ‘क कमळाचा’, आणि खिडकीबाहेर बोंडं फुटून शिवार पांढरं झालेलं. भिंतीला खिडकी असूनही ती बाहेर बघत नाही, हे काही बरं नव्हे.

अक्षरांच्या क्रमाचंही असंच. अ पासून ज्ञ पर्यंतची ओळ ही वर्णमालेची शिस्त आहे, ती शिकणाऱ्याची सोय नव्हे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मूळच्या अमेरिकेच्या मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवताना ही ओळ मोडली आणि थोडी अक्षरं, त्यांच्याबरोबरच एखादी स्वरखूण, असे गट केले, म्हणजे पहिल्या गटापासूनच मुलाला अर्थाचे शब्द वाचता यावेत. समजा, क, म, ल आणि एक काना घेतला. काका, मामा, काम, लाल, काल, माल, एवढं गणगोत पहिल्याच आठवड्यात हजर. वहिनींच्या वर्गात यात स्थानिक भर पडते. ‘ल’ला काना दिला की पुस्तकातलं ‘मला’, मात्रा दिली की घरातलं ‘मले’. पोरं दोन्ही वाचतात. ‘मले’वर लाल रेघ मारायची वहिनींची छाती होत नाही, कारण मधल्या सुटीत त्या स्वतः म्हणतात, “मले चहा दे ना बाप्पा.”

आता साहित्य. शाळेत ज्याला ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणतात त्याचा आणि साहित्य संमेलनाचा संबंध नाही. ते पुठ्ठ्याचं असतं. आमच्या घरी ते दिवाणाखाली असतं. बाटल्यांची झाकणं, आइस्क्रीमच्या काड्या, बुटांची खोकी आणि सगळ्यात मोठा साठा लग्नपत्रिकांचा. पत्रिकेचा कागद जाड, मागची बाजू कोरी आणि किंमत शून्य. चार तुकडे केले की चार शब्दपट्ट्या. कात्री चालवायचं काम दिराकडे. गेल्या उन्हाळ्यात मी ‘नळ’, ‘घर’, ‘बस’, ‘वड’ असे सज्जन दोन अक्षरी शब्द वळणदार अक्षरात लिहून दिले.

पोरांनी पट्ट्या हातात घेतल्या आणि उलटल्या.

मागच्या बाजूला अर्धवट कापलेलं लग्न होतं. कुणाच्या पट्टीवर ‘चि. सौ. कां.’, कुणाच्या पट्टीवर ‘आहेर आणू न’, कुणाकडे निमंत्रकांच्या यादीचा तुकडा. गाव लहान, पत्रिका पंचक्रोशीतल्याच. तिसरीतल्या एका मुलीला आपल्या आजोबांचं नाव सापडलं. ते तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, मग दुसऱ्या गटाला जाऊन वाचून दाखवलं. आडनावातलं जोडाक्षर तिला अजून शिकवलेलं नव्हतं. त्यानंतर तुकडे जुळवायचा उद्योग सुरू झाला: हा नवरदेव कुठला, ही तारीख कोणत्या लग्नाची, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी ही पोरं कोण? लग्नाची वेळ ११.३५ छापलेली बघून एकानं सांगितलं की ते दोन वाजता लागलं होतं, तो स्वतः उपाशी होता. माझे नळ, घर, बस, वड जमिनीकडे तोंड करून पडले होते. मी वहिनींकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, “भाऊजी, लेकरं वाचून रायले ना? मंग कोणत्या बाजूनं वाचून रायले, ते कायले पायता?”

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर नावाच्या शिक्षिकेनं माओरी मुलांना शिकवताना हेच जाणूनबुजून केलं होतं. ती रोज प्रत्येक मुलाला विचारी, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात देई. पाठ्यपुस्तकातले गोंडस शब्द मुलं विसरत. ‘भूत’ हा शब्द मात्र एका नजरेत कायमचा बसे. १९६३ साली आलेल्या ‘टीचर’ या पुस्तकात तिनं हे सगळं मांडलं आहे. घाटंजीकडे विचारलं तर भूत येईलच, त्याच्या आगेमागे रानडुक्कर येईल.

शब्दडोंगर हा आमच्या शाळांतला लाडका खेळ. वर एक शब्द, खालच्या ओळीत दोन, त्याच्या खाली तीन, असा वाक्याचा डोंगर रचत जायचा. वहिनींनी फळ्यावर ‘शेळी’ लिहिलं. पोरांनी रचलं: काळी शेळी, काळी शेळी पळाली, काळी शेळी पऱ्हाटीत पळाली. (पऱ्हाटी म्हणजे कपाशी.) ‘ऱ्ह’ कसं लिहायचं यावर थोडी मारामारी झाली; जोडाक्षरांच्या तक्त्यावर ते शेवटी येतं आणि या गावात दिवसातून दहा वेळा तोंडात येतं. पाचव्या ओळीत पऱ्हाटी कुणाची हे जाहीर झालं, सहाव्या ओळीत शेळी कुणाची तेही. हा फळा व्हरांड्यातला, रस्त्याकडे तोंड केलेला. संध्याकाळी पऱ्हाटीवाले आणि शेळीवाले दोघंही शाळेत हजर. वहिनींनी डोंगर पुसला, पण दोन प्रौढांनी फळा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं नाही.

झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवड्याकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, गोष्ट आणखी अवघड होते. मूल घरी कोलामी बोलतं, जी मराठीची नव्हे तर तेलुगू-गोंडीच्या द्राविडी कुळातली भाषा. गुरुजी बोलतात वऱ्हाडी. पुस्तक बोलतं तिसरंच. त्या पहिलीतल्या पोराला अक्षर ओळखायच्या आधी शब्दाचा अर्थच परका असतो, आणि आपण त्याच्या प्रगतिपत्रकात ‘अक्षरस्तर’ लिहून मोकळे होतो. यात विनोद करण्यासारखं फार नाही. करायचाच तर सरकारी कागदावरचा करता येईल: तालुक्याचं नाव केळापूर, गाव पांढरकवडा, आणि एसटीच्या पाटीवरही पांढरकवडाच. जो पोरगा पाटी वाचून बसमध्ये चढतो, त्यानं दाखल्यावरचं ‘केळापूर’ वाचून आपण कुठले हे विचारलं, तर त्याचं वाचन पक्कं समजावं.

‘निपुण भारत’ २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावं, असं त्याचं उद्दिष्ट. उद्दिष्टाशी कुणाचं भांडण असेल? वहिनींचं भांडण माहिती भरण्याशी आहे. कोण शब्दावर आहे, कोण उताऱ्यावर, कोण गोष्टीवर, हे मोबाइलमध्ये भरता भरता गोष्ट वाचायचा तास निघून जातो.

आणि गोष्टींची पुस्तकं? ती आहेत. यवतमाळात दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, १९७३ साली गदिमा अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे. पुस्तकांचं या जिल्ह्याला वावडं नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत (वहिनींच्या नव्हे) गोष्टींची पुस्तकं लोखंडी कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. तपासणीत संख्या जुळली पाहिजे, पान फाटलं तर भरून कोण देणार? भीती खोटी नाही. पण आतली पुस्तकं इतकी नवी होती की पानं अजून एकमेकांना चिकटलेली. त्याच शाळेच्या भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ ठळक अक्षरात रंगवलं होतं, कपाटाच्या बरोबर वर. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, कपाट उघडतं, फोटो निघतो, कपाट बंद होतं. माझ्या मते शाळेच्या वार्षिक तपासणीत फाटलेल्या पुस्तकांची संख्या विचारावी आणि ती शून्य आली तर खुलासा मागावा.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. तोपर्यंत लग्नसराई आटोपलेली असते आणि घरोघरी टीव्हीमागे पत्रिकांचा गठ्ठा साचलेला असतो. तो रद्दीत घालू नका, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नेऊन द्या. एका बाजूनं कोऱ्या असाव्यात, चमकी लावलेल्या नकोत, ती पोरांच्या डोळ्यांत जाते. आणि घरची नावं आहेत म्हणून खोडून देऊ नका. नावं राहू द्या.