खिडकी उघडते किती?

सँपल फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब ओट्याच्या ग्रॅनाइटवर हात फिरवतं, किचन ट्रॉल्या ओढून पाहतं, पार्किंगचा भाव विचारतं. मग खिडकीशी उभं राहून व्ह्यूचा फोटो काढतं. ती खिडकी उघडते किती, हे कुणीच विचारत नाही. त्या घरातला प्रत्येक उन्हाळा आणि त्याचं वीजबिल याच प्रश्नाशी बांधलेलं आहे, तरीही नाही.

दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते. एक पल्ला सरकवला की तो दुसऱ्याच्या मागे जाऊन बसतो. पाच बाय चारची खिडकी म्हणजे काच वीस चौरस फूट, वाऱ्याला वाट दहा चौरस फूट. तिसऱ्या ट्रॅकवर डासांची जाळी बसवली तरी वाट तेवढीच, वर जाळी वाऱ्याचा जोर कमी करते. बिजागरीवरची पल्ल्यांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडायची. ती गेली, कारण स्लायडिंग जागा अडवत नाही, वाऱ्याने आपटत नाही आणि बसवायला सोपी पडते. यातली एकही सोय रात्री घामाने जागं होणाऱ्या माणसाची नाही.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी इको निवास संहिता काढली. तिच्यानुसार मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश जागा उघडणारी हवी. खिडक्या, झरोके आणि बाल्कनीचं दार धरून. हिशेब उघडणाऱ्या भागाचा आहे, काचेचा नाही. दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगला त्यात निम्मेच गुण मिळतात, बिजागरीच्या खिडकीला ९० टक्के. सहाशे चौरस फुटांच्या घरात शंभर चौरस फूट उघडायला हवेत. स्वतःच्या घरात टेप धरून बघा. बहुतेकांना आकडा वाचून धक्का बसेल.

त्यातही सगळ्या खिडक्या एकाच भिंतीला असतील तर फारसा उपयोग नाही. वाऱ्याला आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर पडायलाही लागते. गिरगावातल्या चाळीत खोलीचं दार गॅलरीत उघडायचं आणि समोरच्या भिंतीत खिडकी असायची. खोली लहान, माणसं जास्त, तरी वारा आरपार जायचा. आज एका मजल्यावर आठ-आठ फ्लॅट बसवताना अनेकांच्या वाट्याला बाहेरची एकच भिंत येते. सावली देणारी बाल्कनीही हॉलमध्ये ओढून घेतली जाते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची मुंबईतल्या पेडर रोडवरची कांचनजंगा ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचं ऊन, पावसाचा मारा हेही पश्चिमेकडूनच. त्यांनी घरं पूर्व-पश्चिम आरपार ठेवली आणि कोपऱ्यांत दुप्पट उंचीच्या गच्च्या खोल आत नेल्या. ती घरं श्रीमंतांची होती हे खरं, पण सावली आणि आरपार वारा ही काही श्रीमंतांची मक्तेदारी नव्हे.

मग उरतो एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, हे अजूनही अनेकांना ठाऊक नाही. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. दार-खिडकी लावून दोन माणसं झोपली, तर बाहेर सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास असलेला कार्बन डायऑक्साइड खोलीत पहाटेपर्यंत दोन हजारांच्या वर जाऊ शकतो. सकाळचं जड डोकं अनेकदा तिथलं असतं. आणि इतकं कोंडूनही गारवा टिकत नाही. थंड हवा जड असते, ती दाराखालच्या बोटभर फटीतून निघून जाते. जिथे बंद हवं तिथे फट आणि जिथे उघडं हवं तिथे काच, अशी ही घरं आहेत.

हवाबंद घर वाईट नसतं. १९९१ साली जर्मनीत डार्मश्टाट इथे पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणारं हवाबंद घर, राहतं झालं. पॅसिव्ह हाउसच्या मानकात आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक ठेवला तर तासाभरात घरातल्या हवेच्या फक्त ०.६ पट हवा फटींतून जाऊ शकते. पण त्या घरात ताजी हवा आणणारी यंत्रणा अखंड चालते आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देते. आपण थंड देशांची बंद काच उचलली, तिच्यामागची ताज्या हवेची सोय तिथेच ठेवली. याला नक्कल म्हणतात, आधुनिकता नाही.

भिंतींकडेही असंच दुर्लक्ष. मायवनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, साच्यात ओतलेली सहा इंची काँक्रीटची भिंत विटेपेक्षा कितीतरी सहज उष्णता आत सोडते. पश्चिमेची अशी भिंत दिवस मावळल्यावरही तापलेली लागते. तिच्यावर सावली नाही, बाहेरून उष्णतारोधक थर नाही, आणि त्याच भिंतीशी पलंग.

पुणे-नाशिककडे उन्हाळ्यात रात्री पारा चांगला उतरतो. तिथे सकाळी नऊला खिडक्या आणि पडदे लावावेत, रात्री सताड उघडावेत. आपल्या आज्या हेच करायच्या आणि ते शास्त्रशुद्ध होतं. मुंबईत रात्र फारशी गार होत नाही. तिथे सावली, वाहता वारा आणि डोक्यावर पंखा. कमी वीज खाणारा चांगला बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॉट घेतो, दीड टनाचा एसी चालताना सुमारे दीड हजार.

म्हणून बुकिंगच्या चेकवर सही करण्याआधी तीन गोष्टी करा. खिडकी पूर्ण उघडून मोकळी जागा मोजा. समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीत वारा बाहेर जायला वाट आहे का बघा. पश्चिमेची भिंत कशाची आणि किती जाडीची, हे लेखी मागा. सेल्स ऑफिसमधल्या माणसाला उत्तर येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवायला सांगा. गिऱ्हाईक विचारू लागलं की बिल्डर खिडकी बदलतो.