ओलीचा पंचनामा

अमरावतीस जवाहर गेटच्या आतल्या बाजूस, परकोटाच्या आश्रयाने कित्येक पिढ्या उभ्या असलेल्या एका घरी, मी एकदा समाचारास गेलो होतो. बैठकीतील सर्व मंडळी रीतीप्रमाणे अधोमुख बसली असता एकच गृहस्थ मान वर करून, भिंत आणि छत जेथे मिळतात त्या कोपऱ्याकडे अनिमिष नेत्रांनी पाहत होते. आणि त्यांच्या मुद्रेवरील गांभीर्यावरून, मृतात्म्याच्या ऊर्ध्वगतीचाच ते मागोवा घेत असावेत, असा आम्हां सर्वांचा समज झाला. काही वेळाने त्यांनी दीर्घ उसासा टाकला आणि दिवंगत गृहस्थांच्या ज्येष्ठ चिरंजीवांस हलक्या स्वरात विचारले, "जुनी दिसते?"

"नाही हो, महिनाभरापूर्वीच कळली," चिरंजीव डोळे पुसत म्हणाले.

"कळते उशिरानेच. आतल्या आत पसरत असते."

"डॉक्टरही हेच म्हणाले."

"डॉक्टरला काय समजते? वरची पन्हाळ पाहिली का कोणी?"

ओलीचा शोध घेणे हेच ज्यांचे निवृत्तीनंतरचे, आणि पुष्कळदा निवृत्तीपूर्वीचेही, जीवितकार्य असते, अशा गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग आमच्या वऱ्हाडात आहे. हा मनुष्य गवंडी नसतो, कारण गवंडी थापी हातात धरतो. तो इंजिनिअरही नसतो, कारण इंजिनिअर सल्ल्याचे पैसे घेतो. तो निरपेक्ष बुद्धीने, न बोलावता, दुसऱ्याच्या भिंतीची काळजी वाहतो. वर सांगितलेले गृहस्थ नाझर या हुद्द्यावरून निवृत्त झालेले असल्यामुळे सारा मोहल्ला त्यांना नाझरसाहेब म्हणतो; आणि जप्तीच्या मालाच्या याद्या, लिलाव व समन्सांची बजावणी यांत उमेद खर्ची पडल्यामुळे, भिंतीवरचा काळा डाग त्यांच्या लेखी नुसता डाग नसतो, मुद्देमाल असतो.

दुरुस्तीपेक्षा ती कोणी करावयाची याच्या चौकशीत आम्हां वऱ्हाडी लोकांस जी उपजत गोडी आहे, तिचे मूळ मला इतिहासात दिसते. 1853 साली या प्रांताचा कारभार निजामाकडून कंपनी सरकारकडे गेला, पण मालकी निजामाचीच राहिली. पुढे 1902 साली सालिना 25 लाख रुपये खंडाने तो इंग्रजांस कायमच्या पट्ट्याने मिळाला. मालक एक आणि वहिवाटदार दुसरा, अशी स्थिती जेथे जवळजवळ शतकभर टिकली, तेथील रयत गळक्या छपराखाली बसून छपराऐवजी जबाबदारीचा विचार करू लागली, तर तिला दोष कोणी द्यावा?

नाझरसाहेबांची साधने मोजकी आहेत: एक छत्री, खडूचा तुकडा, स्वेटर विणण्याची सुई आणि कोर्टाच्या वाटणीस न गेलेली एक लांबट नोंदवही. छत्रीच्या मुठीने ते भिंत ठोकतात, याला ते जबानी घेणे म्हणतात. कोरडी भिंत खणखणीत उत्तर देते आणि ओली भिंत, खोट्या साक्षीदाराप्रमाणे, दबक्या आवाजात बोलते. डागाच्या कडेने खडूची रेघ ओढून तीवर ते तारीख घालतात, म्हणजे हद्द कायम झाली. पुढच्या नक्षत्रात डाग रेघेबाहेर गेला, तर त्याने अतिक्रमण केले असे समजावयाचे. बारा वर्षे अखंड एकाच फटीतून, उघडपणे व कोणाच्या परवानगीवाचून येणाऱ्या पाण्यास वहिवाटीचा हक्क प्राप्त होतो की काय, यावर त्यांनी एका वकिलाची संपूर्ण दुपार घेतलेली मला ठाऊक आहे. डागावर चुना फासणाऱ्या घरमालकाचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा आहे. "हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार झाला," असे ते म्हणतात, आणि या बाबतीत माझे मत त्यांच्यासारखेच आहे. कारण दिवाळीत रंगविलेल्या भिंतीचे पोपडे जेवणाच्या ताटात पडण्यास पुढल्या आषाढाचीही वाट पाहावी लागत नाही.

या शास्त्रात, अन्य सर्व भारतीय शास्त्रांप्रमाणे, दोन संप्रदाय आहेत. अमरावती संप्रदायाचे प्रतिपादन असे, की ओल वरून उतरते. माकडांनी विस्कटलेले कवेलू, चोंदलेली पन्हाळ आणि जुन्या वाड्यांच्या धाब्यावर उगवलेला पिंपळ हे त्याचे प्रमाणग्रंथ होत. अकोला संप्रदायाचे मत नेमके उलट आहे: ओल खालून चढते. या मतास तेथील भूमीचाच आधार आहे, कारण पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोल्यास लागून पसरलेला असून तेथील भूजलात क्षार मुबलक आहेत. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे हे पाणी विटांतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. त्या क्षारांचे स्फटिक फुगले, की गिलावा भुसभुशीत होऊन गळू लागतो, व लोक म्हणतात, भिंतीला लोणा लागला. या संप्रदायाचे आचार्य एक निवृत्त ओव्हरसियर असून, नाझरसाहेबांचा आणि त्यांचा पंधरा वर्षांचा स्नेह केवळ मतभेदाच्या भक्कम पायावर उभा आहे. एक छताकडे पाहतो, दुसरा जोत्याकडे; त्यामुळे दोघांची दृष्टादृष्ट सहसा होत नाही आणि भांडणही विकोपास जात नाही.

हा समतोल माझ्या अकोल्याच्या साडभाऊंनी बिघडविला. 2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्याचे वाचल्यापासून, झोपण्याच्या फळ्या, घडीचे टेबल आणि चहाचा ओटा असलेल्या गाडीतून सपत्नीक भ्रमण करावे, अशी ऊर्मी त्यांच्या चित्तात बळावली होती. आणि अखेर एका लिलावात त्यांनी एक जुनी दौऱ्याची गाडी विकत घेतली. सागवानी फासळ्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड आणि मध्ये थर्मोकोल, अशी तिची रचना होती; टपावर हवेसाठी एक झाकणाचा झरोका होता; आणि दार उघडताच, भाद्रपदात बंद पेटीतून काढलेल्या गोधडीला येतो तसला कुबट वास येई. आमच्या सासूबाईंनी लहानपणी माहेरच्या दमणीतून प्रवास केलेला असल्यामुळे त्यांना या वाहनाचे नवल वाटले नाही. "आमच्या दमणीला बैल होते, ते तरी वेळेवर चालत," एवढाच अभिप्राय देऊन त्या आत गेल्या.

बातमी लागताच नाझरसाहेब पहिल्या गाडीने अकोल्यास आले. त्यांनी प्रथम ओव्हरसियरांस प्रश्न केला: जी वस्तू चार चाकांवर उभी आहे, जमिनीस जिचा स्पर्शही नाही, तीत ओल खालून चढणार कशी? ओव्हरसियर क्षणभर निरुत्तर झाले. पण पंधरा वर्षांचा स्नेह असा सहजासहजी तुटत नसतो. त्यांनी अंगरखा काढून ठेवला, गाडीखाली सरपटत गेले आणि आतून विजयी स्वरात ओरडले, "चाकांनी उडविलेले पाणी! मागच्या कोपऱ्यातली फळी पार कुजली आहे!" अशा रीतीने दोन्ही संप्रदाय एकाच वाहनात प्रमाण ठरले, आणि हा दिवस साडभाऊंच्या आयुष्यातील फार खर्चाचा दिवस होता.

चौकशी आठ दिवस चालली. नाझरसाहेबांनी आतील प्लायवूड अंगठ्याने तसू तसू दाबून पाहिले. जेथे ते भिजलेल्या बिस्किटासारखे आत गेले तेथे खडूने फुली मारली. स्क्रूखाली ओघळलेला तांबूस गंज, खिडकीच्या चौकटीखाली आलेली काळी बुरशी, फुगून सुटलेला वरचा कागद, असे एकेक कलम नोंदवहीत चढले. साडभाऊंनी लाकडातील ओल टक्क्यांत सांगणारे दोन टोकांचे विजेचे यंत्र आणले होते; ओल्या लाकडातून वीज सुलभतेने वाहते, कोरड्यातून वाहत नाही, एवढ्याच तत्त्वावर ते चालते. नाझरसाहेबांनी प्रथम त्याची साक्ष घेण्याचे साफ नाकारले. पण जेथे त्यांच्या सुईने दोष दाखविला होता, नेमक्या त्याच ठिकाणी यंत्राने 30 चा आकडा दाखविल्यावर, "साक्षीदार अल्पशिक्षित आहे, पण खरे बोलतो," असा शेरा मारून त्यांनी त्यास दाखल करून घेतले.

पाणी शिरते कोठून हा प्रश्न शिल्लक होता, आणि तो सोडविण्यासाठी मला आत कोंडण्यात आले. बाहेरून नळीने पाणी सोडावयाचे, तेही खालून सुरुवात करून हळूहळू वर न्यावयाचे, कारण आधीच वरून सोडले तर सर्वच सांधे एकदम ओले होऊन कोणता गुन्हेगार हे कळत नाही. आणि मी आत बॅटरी धरून पहिला थेंब दिसताच ओरडावयाचे, असे ठरले. वैशाखातील अकोल्यात, पत्र्याच्या बंद पेटीत, मी अर्धा तास एका कोपऱ्याकडे पाहत बसलो असता थेंब प्रथम माझ्याच नाकावरून पडला व तपास पंधरा मिनिटे चुकीच्या दिशेस गेला. अखेर डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात खरे पाणी दिसले. आणि ते शिरत होते टपाच्या उजव्या कडेस, जेथे पत्र्याचे दोन तुकडे पट्टीखाली जोडले होते, तेथील तीन स्क्रूंच्या भोकांतून. तेथून ते फासळीच्या कडेने वाहत, गाडीची संपूर्ण रुंदी ओलांडून, बिनबोभाट दुसऱ्या टोकास प्रकट होत असे.

"साहेब, पानी घुसते येकीकून अन् निंगते दुसरीकून," बॉडीबिल्डिंगच्या मिस्त्रीने पान थुंकत सांगितले. "मानसावानीच हाय थे."

दुरुस्तीत मिस्त्रीस घाई होती आणि नाझरसाहेबांस नव्हती, यामुळेच ती उत्तम झाली. मिस्त्रीचे म्हणणे, फटीवर वरून सिलिकॉन फासावे आणि मोकळे व्हावे. पण जुन्या कडक झालेल्या मसाल्यावर नवा मसाला चिकटत नाही, व आत अडकलेली ओल बाहेर पडण्याची वाट बंद झाली की लाकूड अंधारात निवांतपणे कुजते, हे नाझरसाहेबांनी दोनतीन तास समजावून सांगितले. मग पट्ट्या उतरविल्या, जुना मसाला खरवडला, कुजलेल्या फासळ्या निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढल्या व नव्या सागाचे सांधे बसविले. गाडीचे प्लायवूड गच्चीवर, आमच्या मेहुणीबाईंच्या कुरडया आणि सांडगे यांच्या शेजारी, वाळत पडले. रोज संध्याकाळी नाझरसाहेब यंत्र टोचून आकडा घेत. आणि एकदा नजरचुकीने कुरडईसच यंत्र टोचून, "ही अजून कच्ची आहे," असा त्यांनी दिलेला निवाडा मेहुणीबाईंनी शब्दशः मान्य केला. लाकूड वीस टक्क्यांच्या खाली राहिले तर सहसा कुजत नाही. आमचे चौदावर आले, तेव्हा कडक न होणारा चिकट मसाला पट्टीखाली दाबून, प्रत्येक स्क्रू त्यात बुडवून, गाडी बंद करण्यात आली.

आषाढात आम्ही चौघे, म्हणजे साडभाऊ, मी आणि दोन्ही संप्रदायांचे आचार्य, चिखलदऱ्यास निघालो. परतवाडा सोडून घाट लागला आणि धुके गाडीबरोबर चालू लागले. भीमाने कीचकास जेथे दरीत लोटले ती जागा दाखवीत, प्रेताचा पंचनामा न झाल्याबद्दल नाझरसाहेबांनी खेद व्यक्त केला. सुमारे 1100 मीटर उंचीवरच्या त्या ठिकाणी रात्रभर पाऊस टपावर ताशा वाजवीत होता. नाझरसाहेबांच्या हुकमाने झरोका व सर्व खिडक्या घट्ट बंद होत्या. ओव्हरसियरांनी दोनदा चहा उकळला. आणि चौघे वृद्ध एकमेकांच्या श्वासात श्वास मिसळून, तक्रारीस जागा न उरल्यामुळे काहीसे उदास होऊन, झोपी गेलो.

पहाटे नाझरसाहेबांच्या आनंदाच्या आरोळीने मला जाग आली. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होते, चौकटींवर थेंबांच्या रांगा होत्या, ओव्हरसियरांची उशी ओलसर होती. नाझरसाहेब पंचविशीतील तरुणाप्रमाणे उठले; त्यांनी टपाचे सांधे तपासले, ते कोरडे; फासळ्या तपासल्या, त्या कोरड्या; ओव्हरसियर गाडीखाली जाऊन आले, फळी कोरडी. यंत्राने चौदाच सांगितले. बाहेरून आत येण्याचा एकही मार्ग शिल्लक नव्हता, आणि पाणी तर आत होते. तासभर कोणी बोलले नाही. साडभाऊंनी पुन्हा चहा ठेवला. वाफ वर गेली आणि नाझरसाहेबांच्या चष्म्यावर धुके धरले. त्यांनी तो काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, तो पुन्हा धुरकटला. मग ते पातेल्याकडे, त्या बंद खिडक्यांकडे आणि शेवटी एकेक करून आमच्या तोंडांकडे पाहू लागले. आणि ज्या दृष्टीने त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती पाहिल्या होत्या, तीच दृष्टी आता आमच्यावर स्थिरावलेली पाहून मी संकोचाने श्वास रोखून धरला.

त्यांनी आपल्या हाताने एक खिडकी दोन बोटे उघडली. नंतर नोंदवही घेऊन, वळणदार अक्षरांत, सावकाश लिहू लागले. तो पंचनामा मी पुढे त्यांच्या परवानगीने पाहिला. ठिकाण, तिथी, पावसाचे नक्षत्र, लाकडाचा आकडा, सर्व यथास्थित नमूद आहे. ओलीचा उगम या रकान्यात 'फिर्यादी व पंच यांचा श्वास, व चहा' असे आहे. आणि सर्वांत शेवटी, स्वतःच्या सहीच्या वर, हे वाक्य आहे: 'सदर इसम चारही हजर असून, त्यांस समज देऊन सोडण्यात आले.'